बरं झाल्यावरचा थेंब

आमच्या दवाखान्यात एकच पडदा होता. जाड हिरव्या खादीचा, वर्षातून दोनदा धुतला जाणारा. पडद्याच्या अलीकडे खोकला, ताप, खरूज, विंचू चावलेले आणि बाळंतपणाची तारीख विचारायला आलेल्या सासवा. पडद्याच्या पलीकडे एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक, स्टोव्हवर उकळणाऱ्या सुया आणि मी. "जरा खाजगी आहे, भाऊ" असं ज्याला म्हणायचं असे तो चपला बाहेर न काढताच पडद्यामागे यायचा, म्हणजे चपला पाहून कोणी ओळखू नये.

मी कंपाउंडर होतो. सरकारी दवाखान्यात, अल्लीपूरच्या बाजूच्या एका गावात. तेव्हा वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर, आणि वरून येणारी परिपत्रकं हिंदीत असत. डॉक्टरसाहेब चांगले होते. त्यांच्याकडे तीन दवाखान्यांचा दौरा असल्यामुळे आठवड्यातले निम्मे दिवस दवाखाना माझ्या आणि नर्सबाईंच्या अंगावर असायचा. संपादकांनी पत्र पाठवून 'रुग्णसेवेतले हृद्य प्रसंग' मागितले आहेत. माझ्या नोकरीतले हृद्य प्रसंग बहुतेक सगळे त्या पडद्यामागचे आहेत. दिवाळी अंकात शोभतील की नाही हे त्यांनी ठरवावं. मला लिहायला लाज वाटत नाही. ज्याला वाटत असेल त्याने पान उलटून पाककृतींकडे जावं.

गुप्तरोगांना आमच्याकडे दोन नावं. गरमी आणि परमा. गरमीत जखम होते, परम्यात लघवीला आग होते आणि पू येतो. माझ्या आधीच्या कंपाउंडरने परम्याच्या रोग्यांना लाल दवेच्या पिचकाऱ्या मारून मारून आयुष्य काढलं. आठवडेच्या आठवडे पिचकाऱ्या चालायच्या, रोगी कण्हायचा, आणि शेवटी बरा व्हायचा की कंटाळायचा हे कळत नसे. मग पेनिसिलीन आलं. तेलातलं, घट्ट, मधासारखं. बाटली दोन्ही तळहातांत धरून गरम करायची, जाड सुई लावायची आणि कुल्ल्यात हळूहळू सोडायची. रोगी ओठ चावायचा आणि चार दिवसांत बरा होऊन यायचा. त्या दिवसांत आम्हाला वाटायचं की आपण देव झालो. ते वाटणं थोडं कमी व्हायला हवं होतं, ते कसं झालं तेच सांगतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, सुई दिली, रोग गेला, काम संपलं. खरं काम तिथून सुरू होतं. रोगाचे जंतू मरतात, पण जिथे ते महिनाभर नांदले ती जागा एका दिवसात पूर्ववत होत नाही. थोडी चुरचुर राहते, सकाळी एखादा पाण्यासारखा थेंब दिसतो, कुठे जडपणा वाटतो. आठ-पंधरा दिवसांत ते आपोआप जातं. पण माणसाला धीर नसतो. एक मास्तर होते, बरे झाल्यावरही दर सोमवारी वही घेऊन यायचे. वहीत लघवीची वेळ, रंग आणि 'किंचित' असा शेरा. एकजण म्हणायचा, तुमची सुई दुखत नाही म्हणून रोग गेला नाही, दुखणारी द्या. त्याला मी एकदा मुद्दाम बोथट सुई टोचली, आणि तो समाधानाने गेला. डॉक्टरसाहेबांना कळलं तेव्हा बोलणी खाल्ली, आणि ती मला खायलाच हवी होती.

तर अशा वेळी आमचा नियम एकच: आधी काच. थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, वाळवायचा, आधी जांभळा रंग, मग धुऊन लाल रंग, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. परम्याचे जंतू जोडीने दिसतात, लालसर, तुरीच्या डाळीच्या दोन पाकळ्या समोरासमोर ठेवाव्यात तसे. दिसले तर औषध पुन्हा. कधी बायकोवर उपचार झालेला नसतो म्हणून रोग परत येतो. कधी दुसराच काही बारीकसारीक जंतू असतो, त्याला वेगळं औषध लागतं. आणि कधी काचेवर काहीच नसतं, तरी माणूस शपथेवर सांगतो की थेंब येतो. तिथे कंपाउंडरची अक्कल लागते.

देवाजी तसा आला. नाव मी बदललं आहे, बाकी काही नाही. वय तिशीचं, अंगाने तांबूस, उंच, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता गुडघ्याकडे बघायची सवय. आमच्यापासून दीड कोसावर त्याचं गाव. घरी थोरला भाऊ, चार एकर वावर आणि गवळाऊ जनावरं. पांढरीशुभ्र, काळ्याभोर डोळ्यांची ती जनावरं ज्याच्या गोठ्यात असतात तो माणूस आमच्या भागात मान वर करून चालतो. देवाजी जनावरांचा जाणकार होता. कुणाची गाय आटली, कुणाचा बैल लंगडला, की त्याला बोलावणं यायचं. बैल विकायला कुठल्याशा बाजाराला गेला, दोन रात्री मुक्काम पडला, आणि तिथून परमा घेऊन आला. हे त्याने पडद्यामागे स्वतः सांगितलं. खोटं बोलला नाही, हे त्याच्या खात्यावर जमा.

काचेवर तुरीच्या पाकळ्याच पाकळ्या होत्या. सुया झाल्या. त्याच आठवड्यात नर्सबाई त्याच्या बायकोला, यमुनेला, तपासून आल्या. तिच्याही काचेवर निघालं, कमी, पण निघालं. तिलाही सुया दिल्या. मात्र तिला सांगितलं, "कमजोरीची सुई आहे, बाई." ही आमची रीत होती. डॉक्टरसाहेबांचं म्हणणं, खरं सांगितलं तर घरं मोडतात. औषध द्यायचं, नाव द्यायचं नाही. ते मला तेव्हा शहाणपणाचं वाटत होतं. यमुना अंगाने बारीक, गिरडकडची, लग्नाला पाच वर्षं झालेली आणि पदरात मूल नसलेली. तिला 'कमजोरी' म्हटलेलं लगेच पटलं, कारण तिच्या घरात तिला सगळे तेच म्हणत.

देवाजी जायला निघाला तेव्हा मी त्याला नीट समजावलं. महिनाभर दोघांनी वेगळं राहायचं, पाणी भरपूर प्यायचं, दारू नाही. आणि शेवटी म्हटलं, "रोज सकाळी पाह्यत जाजो. थेंब दिसला त इकडे येजो." हे वाक्य मी प्रत्येकाला सांगायचो. चांगलं वाक्य आहे, असं माझं मत होतं.

पंधरा दिवसांनी तो आला. थेंब आहे म्हणाला. काच केली, काही नाही. धीर धर म्हटलं. पुन्हा आठ दिवसांनी आला, थेंब आहे, आता चुरचुरही आहे. काच, काही नाही. डॉक्टरसाहेबांनी स्वतः बघितलं. दोन-चार पुवाच्या पेशी, जंतू एक नाही. खात्रीसाठी सुयांचा आणखी एक फेरा झाला. नर्सबाईंनी यमुनेची काच पुन्हा आणली, तीही स्वच्छ. तिसऱ्या खेपेला देवाजी आला तेव्हा जागा लालबुंद झालेली, आणि थेंब खरोखर होता. मी काच केली आणि तासभर डोळा लावून बसलो. जंतू नाही. माझा मलाच राग आला. औषध बरोबर, काच बरोबर, आणि माणूस समोर चोळामोळा होऊन बसलेला.

एवढ्यात त्याच्या घरात निकाल लागून गेला होता. देवाजी काही पुन्हा बाजाराला गेला नव्हता, सरकारी सुया घेऊन बरा झाला होता, आणि तरी रोग हटत नव्हता. म्हणजे तो येतो कुठून? थोरल्या भावाने सांगितलं, बाई खराब आहे, तिच्यातूनच उठतो. मूल होत नाही तेही तिच्या त्या खराबीमुळेच. यमुनेला आषाढात माहेरी पाठवून दिलं आणि पोळा झाला की समाजाची बैठक बसवून काडीमोड घ्यायचं ठरलं. हे मला देवाजीने गुडघ्याकडे बघत सांगितलं. मी म्हटलं, तिची काच साफ आहे रे बाबा, मी स्वतः पाहिली. तो म्हणाला, "मंग माहा थेंब कुठून येऊन राह्यला, भाऊ?" मी पाठ फिरवून सुया उकळायला ठेवल्या. आजही मला ती खुर्ची, तो स्टोव्हचा आवाज आणि माझी फिरवलेली पाठ आठवते, आणि शरम वाटते.

पोळ्याला तीन आठवडे असताना मी सुटीच्या दिवशी त्याच्या गावाला चालत गेलो. काय सांगायला जात होतो ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. काळ्या मातीतून दीड कोस म्हणजे प्रत्येक पायाला शेरभर चिखल. पोचलो तेव्हा सकाळ होती आणि देवाजी गोठ्यात गाईच्या कासेजवळ बसला होता.

दूध काढून झालं होतं. तरी तो एकच सड धरून दाबत होता, तळहातावर दोन थेंब घेऊन उजेडात बघत होता, पुन्हा दाबत होता. मी विचारलं, काय करतोस. तो म्हणाला, या गाईची कास सुजली होती, आता बरी आहे, पण सड रोज पिळून बघावा लागतो. आत जरा राहिलं की पुन्हा धरते. सगळं काढून टाकलं तरच कास वाचते. हे त्याने अशा सहजपणे सांगितलं की कोणीही मान डोलावली असती. मीही डोलावली. आणि डोलावता डोलावता मला त्याचा थेंब आठवला.

मी खाली बसलो आणि हळूच विचारलं, "देवाजी, तू आपलं बी असंच पाह्यतो काय?"

त्याने माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदा डोळ्यांकडे. "मंग? तुमीच त म्हटलं, रोज पाह्यत जाजो."

"दाबून?"

"दाबल्याबिगर कसं कळन? आतलं आतच राह्यन ना."

"किती खेपा?"

तो म्हणाला सकाळी, वावरात जाताना, दुपारी आल्यावर, संध्याकाळी गोठ्यातून आल्यावर, आणि मधे कधी शंका आली तर. गाईला दोन वेळा पुरे असतात, पण हे माणसाचं आहे म्हणून जास्त काळजी घेतो, असंही म्हणाला. त्याची चार पायांवरची विद्या दोन पायांच्या माणसाला लागू झाली होती, आणि तीही माझ्याच हुकुमाने. मी म्हटलं होतं बघ, म्हणजे लंगोटीवर डाग आहे का तेवढं बघ. तो मुलखातला सगळ्यात चांगला गाई पारखणारा माणूस, त्याच्या भाषेत बघणं म्हणजे पिळून बघणं. दोन महिने तो रोज पाच-सहा वेळा ती नाजूक जागा सडासारखी पिळत होता. तिथून थेंब आला नसता तरच नवल. आणि प्रत्येक थेंबाबरोबर त्याची बायको घरापासून एक पाऊल लांब जात होती.

समजावण्यात मी हुशार आहे असं मला नेहमी वाटत आलं आहे, पण त्या दिवशी पुस्तकातलं काही सांगितलं नाही. त्याच गाईचा दुसरा, चांगला सड दाखवला. विचारलं, "याले दिवसातून धा खेपा कोरडा पिळला त काय होईन?"

त्याने त्या सडावरून बोट फिरवलं. "लाल होईन," तो म्हणाला. मग म्हणाला, "सुजन." गाईने शेपूट हलवली. तो हात धुवायला उठला आणि धूत राहिला.

मी त्याला सांगितलं, एकवीस दिवस हात लावायचा नाही. लघवीच्या वेळेपुरता, धुण्यापुरता, बस. दाबायचं नाही, बघायचं नाही, शंका आली तर माझ्याकडे यायचं, हात तिकडे न्यायचा नाही. आणि ही चूक तुझी नाही, माझी आहे, हेही सांगितलं. त्याने ते ऐकलं की नाही मला कळलं नाही.

औषधं पुष्कळ दिली मी आयुष्यात, पण काही न करण्याचं औषध घ्यायला सगळ्यात कठीण जातं. चौथ्या दिवशी देवाजी पडद्यामागे हजर. म्हणाला, एकदाच पाहू द्या भाऊ, एक खेप, मग नाही. मी नाही म्हटलं. सहाव्या दिवशी पुन्हा आला. म्हणाला, हात आपोआप जातो. मी विचारलं, घरी अंबाडी आहे का. आहे म्हणाला. मग शंका आली की दोर वळायचा, असा हुकूम केला. दोन्ही हात गुंततात. त्या तीन आठवड्यांत त्याने इतके दोर वळले की पोळ्याला त्याच्या बैलांच्या सगळ्या वेसणी, कासरे आणि म्होरक्या नव्याकोऱ्या होत्या. गावात लोक म्हणाले, देवाजीने यंदा काय हौस केली.

एकविसाव्या दिवशी तो आला. काचेवर घ्यायला थेंबच नव्हता. लाली गेली, चुरचूर गेली. मी त्याला म्हटलं, आता माझ्याकडे तुझं काही काम नाही. त्याने दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि म्हणाला की यमुनेला आणायला जातो, बैठकीचं आता काही कारण उरलं नाही. मलाही तसंच वाटलं. आम्ही दोघंही तिच्या वतीने खूश झालो.

पोळा झाला, दुसऱ्या दिवशीचा पोरांचा तान्हा पोळाही झाला, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, यमुनाच दवाखान्यात आली. देवाजी तिच्या माहेरी पोचायच्या आत ती बापाबरोबर निघाली होती. त्याच दिवशी दुपारी बैठक होती. काडीमोड द्यायचं तर तिच्यासमोर द्या, म्हणून ती स्वतः आली होती. तिचा बाप ओट्यावर बसून राहिला. ती पडद्याच्या अलीकडेच उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, मले कायची सुई देल्ली होती?"

नर्सबाईंनी माझ्याकडे बघितलं. डॉक्टरसाहेब दौऱ्यावर. आमची रीत मला पाठ होती. कमजोरीची, असं तोंडावर आलंही होतं.

ती पुढे म्हणाली, "गिरडात एका बाईले कमजोरीची सुई देल्ली. एकच. मले किती देल्ल्या, मोजा. अन् ज्याले रोग होता त्यालेबी तशीच जाड सुई देत होते, हे त्यानंच सांगितलं होतं. मी अडाणी आहो, पण जाड अन् बारीक मले समजते."

मी तिला आत बोलावलं, नर्सबाईंना जवळ उभं केलं आणि सांगितलं. परमा होता. देवाजी बाजारातून घेऊन आला. त्याच्याकडून तुला लागला. तुला त्याच सुया दिल्या, तू बरी झालीस, तुझी दुसरी काच साफ निघाली. त्यानंतर त्याला जो थेंब येत होता तो रोगाचा नव्हता, दाबून दाबून येत होता, आणि ती चूक माझी. एवढं सांगायला मला पाच मिनिटं लागली. माझ्या नोकरीतली सगळ्यात लांब पाच मिनिटं.

तिने एकच विचारलं, "म्हणजे माह्यात काही खोट नव्हती?"

"नाई, माय."

ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. तिने पदर नीट केला आणि म्हणाली, "मंग तुमी माह्यासंग चला."

नर्सबाई म्हणाल्या, जा, मी दवाखाना सांभाळते. मी गेलो. डॉक्टरसाहेबांच्या परवानगीशिवाय. हे मी आजपर्यंत कागदावर लिहिलं नव्हतं.

मारुतीच्या देवळापुढच्या पारावर दहा-बारा माणसं बसली होती. थोरला भाऊ मोठ्या मनाचा चेहरा करून बसला होता. तो म्हणाला, देवाजी आता बरा झाला, पोरीला तिच्या बापाने आणलंच आहे, तर झालं गेलं सोडून देऊ, घेऊन जा घरात. सगळ्यांनी माना हलवल्या. बैठक मोडायला लागली. देवाजी, जो तिला आणायला जाऊन रिकाम्या हाताने धावत परत आला होता, धापा टाकत बाजूला उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती.

यमुना पाराखालीच उभी राहिली. म्हणाली, "चार लोकायसमोर मले खराब म्हटलं. आता घरात नेऊन गुपचूप चांगली म्हणू नका. इथंच म्हणा."

थोरला भाऊ काहीतरी बोलू लागला. मी मधेच बोललो. म्हटलं, बरं झाल्यावर जो त्रास राहिला तो माझ्या सांगण्यामुळे राहिला, मी चुकीचं सांगितलं होतं, त्यात हिचा काही दोष नाही. सरकारी माणूस चुकलो म्हणतो हे त्या पारावर कोणी ऐकलेलं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. पण यमुना माझ्याकडे बघत नव्हती. माझी चूक तिला पुरेशी नव्हती.

देवाजीने गुडघ्याकडे बघितलं. मग मान वर केली. "रोग माहा होता," तो म्हणाला. "मी बाजारातून आणला. तिले माह्याकडून गेला. तिच्यात खोट नाई."

कोणीतरी खाकरलं. थोरला भाऊ उठून गेला. यमुना पारापासून वळली आणि घराच्या वाटेला लागली, देवाजी चार पावलं मागे. वाटेत ती थांबली, त्याच्यासाठी नाही, गोठ्यातली गाय हंबरत होती म्हणून. पण थांबली.

डॉक्टरसाहेब दौऱ्याहून आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. ते रागावले. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एका बाईला सुई द्यायची होती, तेव्हा त्यांनी पडदा बाजूला करून मला म्हटलं, हिला काय आहे ते हिला सांगा, नर्सबाईंना जवळ घेऊन. आणि त्यानंतर आमच्या दवाखान्यात कमजोरीची सुई ही कमजोरीलाच मिळाली. घरं मोडली का? एक मोडलं. ते मोडायलाच हवं होतं असं माझं मत आहे. बाकीची चालली, आणि पूर्वीपेक्षा वाईट चालली असं मला तरी दिसलं नाही.

माझं ते चांगलं वाक्यही मी बदललं. 'रोज पाह्यत जाजो' असं मी परत कोणालाच म्हटलं नाही. लंगोटीवर डाग दिसला तर ये, नाहीतर हात लावू नको, असं सांगत गेलो. आणि समोरचा माणूस कोणता धंदा करतो ते आधी विचारत गेलो. विणकराला वेगळं समजावून सांगावं लागतं, लोहाराला वेगळं. देवाजी तर माझा फुकटचा प्रचारक झाला. कोणाला पडद्यामागे पाठवायचं असलं की तोच घेऊन यायचा आणि दारातच त्याला बजावायचा, "बरं झाल्यावर हात नाई लावायचा. मी लावला त दोन महिने गेले." हे तो चारचौघांत मोठ्याने सांगायचा. लाज त्याची पारावरच गेली होती.

त्यांना पुढे मुलगा झाला. दवाखान्यात पुष्कळ वर्षांनी, माझे केस पांढरे झाल्यावर, यमुना सुनेला घेऊन आली. सून पहिलटकरीण, घाबरलेली. धनुर्वाताची सुई द्यायची होती. आता नळ्या वेगळ्या, सुया बारीक, पण मी नेहमीप्रमाणे बाटली तळहातात धरली. पोरीने डोळे मिटून दंड पुढे केला.

यमुनेने तिचा दंड हळूच मागे ओढला.

"थांब," ती म्हणाली. "पहिले इचार, कायची आहे. मंग हात दे."

पोरीने विचारलं. मी बाटली खाली ठेवली आणि सुई कशाची, कशासाठी, ते सगळं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.